सगळ्या रचना उलगडल्या, मग विषाणूंच्या फ्यूजनवर काम करण्यासारखं उरलंय काय?

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेल्या एकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: आवरण असलेले विषाणू आपलं पटल पेशीच्या पटलाशी एकजीव करून (यालाच फ्यूजन म्हणतात) आत कसे शिरतात, यावर संशोधन करायची इच्छा आहे. पण या प्रथिनांच्या रचना तर बहुतेक मिळाल्या आहेत, उरलेल्या अल्फाफोल्ड (अमिनो आम्लांच्या क्रमावरून घडी वर्तवणारी संगणकप्रणाली) सांगतं. मग या विषयात उमेदीची वर्षं घालावीत का? घालायची तर क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रण) शिकावं की पेशीसंवर्धन? जोडीला दोन शंका आहेत. घरच्यांना धोकादायक विषाणूंची भीती वाटते, आणि स्वतःचं गणित कच्चं आहे.

मी बरीच वर्षं याच विषयात आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमचा प्रश्न दिसायला तंत्राचा आहे, पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: रचना मिळाली की काम कळलं. पुष्कळ प्रथिनांबाबत ते चालून जातं. फ्यूजनच्या प्रथिनांपाशी मात्र घोडं अडतं, कारण रचना बदलणं हेच त्यांचं काम. सुरुवातीची घडी माहीत आहे, शेवटची माहीत आहे, आणि विषाणू पेशीत शिरतो तो या दोहोंच्या मधल्या वेळात. तेव्हा 'उरलंय काय' याचं माझं उत्तर 'मधलं सगळं' असं आहे. ते पटतंय का बघा, मग तंत्राकडे वळू.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्यात मी बोलणं बरं नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक, त्यानंतरही कायमची जागा मिळेलच असं नाही. हे किती झेपेल ते घरची जबाबदारी, पैसा आणि तुमचा स्वभाव यांवर ठरतं. गाइड कोण मिळतो यावर तर निम्मं अवलंबून असतं. म्हणून 'याच क्षेत्रात या' असा आग्रह मी कुणालाच करत नाही.

आता विषयाकडे. दोन मेदपटलं एकमेकांजवळ आली म्हणून आपणहून एक होत नाहीत. मधलं पाणी हटवावं लागतं, पटलं वाकवावी लागतात, आणि त्याला ऊर्जा लागते. विषाणूकणाकडे त्यासाठी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) जाळायची सोय नाही. ती ऊर्जा प्रथिनाच्या घडीतच आधीपासून भरून ठेवलेली असते.

इन्फ्लुएंझाचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एचए, हे यातलं सर्वांत जास्त तपासलं गेलेलं प्रथिन. तीन सारख्या घटकांचं हे त्रिक असतं. प्रत्येक घटक तयार होतो अखंड, त्याला एचए-० म्हणतात. मग यजमानाचं एखादं प्रोटिएझ (प्रथिनं कापणारं एन्झाइम) त्याला एका जागी कापतं आणि एचए-१ व एचए-२ असे दोन भाग होतात. ते डायसल्फाइड बंधाने जोडलेलेच राहतात. या कापामुळे एचए-२ च्या टोकाचा पाण्याला टाळणारा छोटा तुकडा मोकळा होतो आणि लगेच त्रिकाच्या पोटात जाऊन दडतो. हेच फ्यूजन पेप्टाइड. इथून पुढे एचए म्हणजे ओढून लावलेला उंदराचा सापळा. पेशी विषाणूला एंडोसोममध्ये (पटलाच्या पिशवीत) आत घेते, तिथला पीएच उतरत ५ ते ५.५ च्या आसपास येतो, एचए-१ ची डोकी बाजूला होतात, एचए-२ मधला एक सैल भाग ताठ होऊन लांब सर्पिलाचा (स्प्रिंगसारख्या वळणांच्या दांड्याचा) हिस्सा बनतो आणि फ्यूजन पेप्टाइड सुमारे १०० अँगस्ट्रॉम (१० नॅनोमीटर) वर फेकलं जाऊन समोरच्या पटलात रुततं. त्यानंतर प्रथिन स्वतःवरच दुमडतं. एक टोक विषाणूच्या पटलात, दुसरं पेशीच्या. दुमडताना दोन्ही पटलं एकमेकांवर ओढली जातात.

ऊर्जा घडीतच भरलेली आहे याला पुरावा आहे. १९९७ मध्ये कार, चौधरी आणि किम यांनी दाखवलं की आम्ल न घालता, उदासीन पीएचलाच नुसती उष्णता दिली तरी एचए तीच हालचाल करतं आणि फ्यूजनही घडवतं. म्हणजे आम्ल ऊर्जा पुरवत नाही, फक्त अडसर काढतं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग.

रचनांचा इतिहासही बघा, तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी एचएची पहिली स्फटिकरचना १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. आम्लात बदललेल्या एचए-२ ची रचना आली १९९४ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली. आणि ती यायच्या आदल्या वर्षी कार आणि किम यांनी नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या छोट्या पेप्टाइडवरून सांगून टाकलं होतं की तो सैल भाग सर्पिल बनणार. त्यांच्याकडे आम्लातल्या प्रथिनाचा स्फटिक नव्हता. हा क्रम इथे सैल का राहिलाय, त्याला तर सर्पिल व्हायला आवडायला हवं, एवढा नेमका प्रश्न होता. तुम्ही तंत्र आधी विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बाकीच्या विषाणूंचं घाईत सांगायचं तर तीन वर्ग मानतात. एचए, एचआयव्हीचं जीपी४१, इबोलाचं जीपी, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचं एफ आणि कोरोनाचं स्पाइक पहिल्या वर्गात. डेंग्यू आणि टिक-बोर्न एन्सेफलायटिसचं ई प्रथिन दुसऱ्यात. व्हीएसव्ही या गुरांच्या विषाणूचं जी आणि हर्पिसचं जीबी तिसऱ्यात. घड्या पूर्ण वेगळ्या, पण शेवट सारखाच: केसाच्या पिनेसारखं दुमडलेलं त्रिक. व्हीएसव्हीचं जी तर पीएच परत वाढवला की मूळ घडीत परततं, एचएला ते जमत नाही. आणि हे सगळं विषाणूंपुरतंच आहे असंही नाही. नाळेच्या पेशी एकत्र जोडणारं सिन्सिटिन हे मुळात एका प्राचीन रेट्रोव्हायरसचं आवरण-प्रथिन आहे, आणि शैवालांपासून कित्येक सजीवांत युग्मकं (नर-मादी प्रजननपेशी) जोडणारं हॅप२ दुसऱ्या वर्गाच्या घडीचं निघालं. एका विषाणूत अडकून पडायचं नसेल तर वाटा पुष्कळ आहेत.

आता मधल्या भागाकडे. पटलं जवळ आल्यावर आधी फक्त बाहेरचे, एकमेकांसमोरचे थर मिसळतात. याला हेमिफ्यूजन म्हणतात. आतले थर अजून वेगळेच असतात, म्हणून विषाणूच्या आतलं काहीही पलीकडे जात नाही. मग आतले थर फुटून जुळतात, छिद्र पडतं, आणि ते रुंदावलं तरच जनुकीय ऐवज पेशीत उतरतो. हे टप्पे खरंच वेगळे आहेत हे १९९४ मध्ये एका चलाख प्रयोगातून दिसलं: एचएचा पटलातून आरपार जाणारा भाग काढून त्याला फक्त बाहेरच्या थरात रुतणारा मेदाचा नांगर लावला, तर गाडी हेमिफ्यूजनपाशी थांबली. का थांबली, आरपार भाग छिद्रासाठी नेमकं काय करतो, यावर अजून वाद आहेत. पटलातल्या मेदांचाही यात हात असतो. समोरासमोरच्या थरांत लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा मेद घातला तर हेमिफ्यूजन अडतं, आणि डेंग्यूला आम्लाबरोबर ऋणभारित मेदही लागतात, जे उशिराच्या एंडोसोममध्ये भरपूर असतात. नुसत्या प्रथिनाची कितीही बारीक रचना काढली तरी यातलं काहीच त्यात दिसत नाही.

अल्फाफोल्डचंही तसंच. त्याची बदनामी करणाऱ्यांतला मी नाही. रोज वापरतो, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल योग्यच होतं. पण त्याचं उत्तर 'या क्रमाची घडी कोणती' एवढ्या प्रश्नाचं आहे. फ्यूजनच्या प्रथिनाला एकाच क्रमात दोन घड्या असतात. एकीतून दुसरीत जायची वाट, त्याला लागणारा वेळ, किती त्रिकं मिळून जोर लावतात, पटल काय करतं, हे प्रश्न तिथे विचारताच येत नाहीत. उलट त्यामुळे तुमच्या पिढीची मोठी सोय झाली आहे. पूर्वी पीएचडीची निम्मी वर्षं पहिली रचना मिळवण्यात जायची.

मधल्या टप्प्यांचा अभ्यास पुस्तकी हौस आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला आरएसव्हीचं उदाहरण द्या. १९६० च्या दशकात फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली लस बाळांना दिली, तर पुढे संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्या बाळांचा आजार बळावला. या शोकांतिकेमागे एकच कारण नव्हतं. पण त्या लसीतलं एफ प्रथिन बहुतांशी नंतरच्या घडीत गेलेलं होतं, आणि सर्वांत जोरकस प्रतिपिंडं ओळखतात ती आधीची घडी. आधीच्या घडीची रचना २०१३ मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम आणि क्वाँग यांच्या गटांनी मिळवली, ती एका प्रतिपिंडाने धरून ठेवलेल्या प्रथिनावरून. त्याच वर्षी योग्य जागी बदल करून ती घडी पक्की बांधली. त्यावर आधारलेल्या लसींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

कोरोनाच्या बाबतीत वेळ अजून कमी लागला, कारण काम आधीच होऊन बसलं होतं. मर्स या आधीच्या कोरोनाविषाणूच्या स्पाइकमध्ये ज्या वळणावर प्रथिन उलगडून सरळ सर्पिल बनतं तिथे दोन प्रोलिन (एक अमिनो आम्ल) घातली तर ते आधीच्याच घडीत राहतं, हे २०१७ मध्ये छापून आलं होतं. प्रोलिन सर्पिलात बसत नाही, इतकी साधी युक्ती. २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला तेव्हा तीच दोन प्रोलिन त्याच्या ९८६ आणि ९८७ या जागी गेली, आणि मॉडर्ना, फायझर-बायोएनटेक, जॉन्सन अँड जॉन्सन व नोव्हाव्हॅक्स या चारही लसींत ती आहेत. मर्सच्या त्या कामाला २०१७ मध्ये फारसं कुणी विचारत नव्हतं. या क्षेत्रात पैशाचं असंच असतं: साथ आली की पूर येतो, दोन-तीन वर्षांत ओसरतो. पुराच्या भरवशावर विषय निवडू नका.

हे सगळं वाचून काम रोमांचक वाटलं असेल तर आता टेबलावरचं सांगतो. माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिला प्रयोग बहुधा आर१८ चा देतो. आर१८ हा मेदात शिरणारा चमकणारा रंग. विषाणूच्या आवरणात तो दाटीने भरला की रेणू एकमेकांची चमक दाबतात. आवरण दुसऱ्या पटलाशी एक झालं की रंग पसरतो, दाटी कमी होते, चमक वाढते. रिकाम्या केलेल्या तांबड्या पेशींना थंडीत विषाणू चिकटवायचा, ३७ अंशांवर आणायचा, क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक नळीत) आम्ल सोडायचं आणि रेघ वर चढताना बघायची. शेवटी डिटर्जंट घालून सगळं विरघळवायचं, तो आकडा शंभर टक्के धरायचा. पहिल्याच दिवशी रेघ झकास चढते आणि विद्यार्थी खूश होतो.

मग मी विचारतो, हे फ्यूजन कशावरून? आर१८ चे सुटे रेणू काहीही न घडता एका पटलातून दुसऱ्यात हळूहळू सरकू शकतात. म्हणून तोच प्रयोग उदासीन पीएचला करायचा आणि तितकाच वेळ थांबायचं. मग न कापलेला, एचए-० असलेला विषाणू घेऊन आम्लात करायचा. त्याची रेघ चढली तर आधीची रेघही संशयास्पद. मग विषाणूला पेशींशिवाय आधीच आम्ल दाखवून, सापळा रिकामाच उडवून, नंतर पेशींना लावायचा. हे तिन्ही कंट्रोल (पडताळणीचे प्रयोग) चोख आले तरी रंग फक्त मेद मिसळल्याचं सांगतो. ते हेमिफ्यूजन की पूर्ण फ्यूजन हे कळायला आतला द्रव मिसळल्याचा वेगळा प्रयोग लागतो. या टप्प्यावर काहीजण कंटाळतात, काहीजण चौथा कंट्रोल स्वतःच सुचवतात. कोण टिकणार ते मला तिथेच कळतं, आणि त्याचा गुणपत्रिकेशी फारसा संबंध नसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, क्रायो-ईएम की पेशीसंवर्धन. माझा कौल पेशी आणि जैवरसायनाकडे. क्रायो-ईएम वाईट आहे म्हणून नव्हे; पण ते यंत्र आणि त्यातली तज्ज्ञ माणसं सहकार्याने मिळतात, आणि सॉफ्टवेअर दरवर्षी सोपं होत चाललंय. शुद्ध, जिवंत, खात्रीचं प्रथिन आणि प्रश्नाला साजेशी पेशी निवडण्याची अक्कल मात्र उसनी मिळत नाही. २०२० मधलं क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध आठवा. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींत ते सार्स-कोव्ह-२ ला रोखत होतं, कारण तिथे विषाणू एंडोसोममधून शिरतो आणि क्लोरोक्विन एंडोसोमचा पीएच चढवतं. माणसाच्या फुप्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींवर टीएमपीआरएसएस२ हे प्रोटिएझ असतं. ते स्पाइकला पृष्ठभागाजवळच कापून देतं, विषाणूला आम्लाची वाट बघावी लागत नाही, आणि तिथे क्लोरोक्विन निकामी ठरलं. रुग्णांवरच्या चाचण्यांतही त्याचा फायदा दिसला नाही. दोन पेशी, एकच औषध, एकच विषाणू, दोन विरुद्ध उत्तरं. हे ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. फ्यूजन कुठे होतंय हा प्रश्न वेळेवर सुचावा लागतो.

तरीही तुम्हाला मुळातच प्रतिमा आणि आकारांची ओढ असेल, तासन्‌तास संगणकापुढे कण निवडत बसण्यात आनंद वाटत असेल, तर माझा कौल बाजूला ठेवा. पेशींच्या आत, जागच्या जागी चालणाऱ्या फ्यूजनचं क्रायो-टोमोग्राफीने (गोठवलेल्या पेशीचं त्रिमितीय चित्र घेऊन) चित्रण करणाऱ्यांचे दिवस आता कुठे सुरू होताहेत.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजू नका. प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्यात गाठा आणि विचारा: निकाल गाइडच्या मताविरुद्ध आला तर इथे काय होतं? आणि इथून बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत? सगळे प्राध्यापक होत नाहीत, त्यात कमीपणाही नाही. लस तयार करणाऱ्या कंपन्या, प्रतिपिंडांची चाचणी, निदानसंच या ठिकाणी फ्यूजन मोजता येणाऱ्या माणसाला काम असतं. पण गाइडला त्या वाटांबद्दल तुच्छता असेल तर तुमचं कठीण होतं.

घरच्यांच्या भीतीबद्दल. फ्यूजनचं बरंचसं काम जिवंत घातक विषाणूशिवाय होतं. व्हीएसव्ही किंवा एचआयव्हीचा निकामी केलेला गाभा घ्यायचा, त्यावर हवं ते पृष्ठभागाचं प्रथिन चढवायचं; असा छद्मविषाणू पेशीत एकदा शिरतो, चमक देतो, आणि पुढे वाढत नाही. इबोला सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच हाताळावा लागतो. तरी त्याला एंडोसोमच्या आत एनपीसी१ हे प्रथिन लागतं हा २०११ चा शोध लावताना जनुकांची मूळ चाळणी इबोलाचं जीपी चढवलेला व्हीएसव्ही वापरून झाली होती. नियम, लसी, प्रशिक्षण यांत कसूर नको, हे आलंच. पण घरच्यांना सांगा की धोक्याचं प्रमाण तुम्ही निवडलेल्या प्रश्नावर ठरतं आणि प्रश्न निवडायचं तुमच्या हातात आहे.

राहिलं गणित. किती लागतं ते एका उदाहरणातून सांगतो. २००८ मध्ये हॅरिसन आणि व्हॅन ऑयन यांच्या गटांनी एकेक इन्फ्लुएंझा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आम्ल पोचल्यापासून हेमिफ्यूजन व्हायला प्रत्येकाला किती सेकंद लागले ते नोंदवलं. एकाच टप्प्यावर सगळं अडलेलं असतं, तर सर्वाधिक घटना अगदी सुरुवातीला दिसल्या असत्या आणि पुढे आलेख घातांकी उतरत गेला असता. प्रत्यक्षात सुरुवातीला तुरळक, मग चढ, मग उतार असा आकार आला. तो गॅमा वितरणात (एकापाठोपाठ अनेक टप्पे लागतात तेव्हाच्या वेळांच्या आलेखात) बसवल्यावर टप्प्यांचा आकडा तीनच्या आसपास निघाला, म्हणजे शेजारची तीनेक एचए त्रिकं मिळून काम करत असावीत. एका आलेखाच्या आकारावरून न दिसणारी प्रथिनं मोजली. सरासरी सगळ्यांची काढली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

हे वाचताना कळलं असेल तर तुमचं गणित पुरेसं आहे. कळलं नसेल तर घातांकी आणि गॅमा वितरण, विक्रियांचे वेगस्थिरांक आणि थोडं पायथॉन एवढं प्रवेशपरीक्षेच्या आधी करून घ्या. पायथॉनमध्ये सुरुवातीला हजार काल्पनिक विषाणूकणांच्या वाटेला एक टप्पा द्या, मग तीन द्या, आणि दोन्हींचे आलेख शेजारी ठेवून बघा. अडलात तर इथेच विचारा, कोडसकट.